पोशाखाचे मुखत्यारपत्र

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील पहिला वाद कपड्यांच्या कपाटापुढे होतो. नोकरीच्या निमित्ताने ज्यांना महाराष्ट्राबाहेर संसार मांडावा लागतो, त्यांस हा अनुभव नवा नाही. दिल्लीच्या थंडीसाठी शिवून घेतलेले लोकरी कपडे चेन्नईस गेल्यावर पेटीच्या तळाशी जातात. चेन्नईचे सुती कपडे सिमल्यास पुरे पडत नाहीत. आणि समारंभाचा बंद गळ्याचा कोट वर्षातून दोनदाच लागत असला, तरी लागतो म्हणून प्रत्येक मुक्कामी बरोबर न्यावा लागतो. अशा वेळी मनात येते की, हा सारा पसारा आवरावा, एकाच रंगाचे व एकाच बेताचे चार जोड करून घ्यावेत आणि कचेरीस, बाजारास, लग्नास, मयतीस तेच घालावेत. सकाळी कपाटापुढे उभे राहून विचार करावयास नको, आणि कोणाच्या कपड्यांशी आपल्या कपड्यांची तुलना करावयास नको. हा संकल्प मी स्वतः दोनदा केला आणि दोनदा मोडला.

एकच पोशाख की अनेक, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा आपला इतिहास चाळू लागलो, म्हणजे असे दिसते की, या प्रश्नाचे उत्तर काही माणसांनी चारचौघांत, सत्तेच्या डोळ्यांदेखत दिले आहे. आणि त्या प्रत्येक उत्तरामागे एकच मोठा वाद उभा आहे. तो वाद म्हणजे, कोणी कोणाच्या वतीने बोलावे आणि तसे बोलण्याचा अधिकार त्यास कोणी दिला, हा होय. त्या वादाच्या अंगाने या प्रश्नाकडे पाहण्याचा येथे विचार आहे.

एकोणिसाव्या शतकात पोशाख हा केवळ आवडीनिवडीचा विषय नव्हता. पगडीची बांधणी पाहून माणसाची जात व प्रांत सांगता येत असे. धोतर कोठवर पोहोचते आणि लुगड्यास काठ कसला आहे, यावरून घराची पायरी ठरत असे. इंग्रजी अमलाने हे भेद पुसले नाहीत. त्यांत स्वतःचे काही भेद मिळविले. दरबारात येणाऱ्या हिंदी माणसाने आपले जोडे बाहेर काढून ठेवावेत असा शिरस्ता होता; आणि १८५४ साली कलकत्त्याच्या सरकारने ठरविले की, ज्या हिंदी गृहस्थाच्या पायांत युरोपीय बूट व मोजे असतील त्यास ते काढावे लागू नयेत. पाय तेच, पण पायतण बदलले की मान बदलत असे. अशा काळात एखाद्याने आपण होऊन एकच साधा पोशाख धरावा व तो जन्मभर सोडू नये, ही गोष्ट लहान नव्हती.

ती गोष्ट पुण्यात प्रथम डोळ्यांत भरण्याजोगी केली ती गणेश वासुदेव जोशी यांनी. १८२८ साली साताऱ्यास जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी पुण्यास आला, सरकारी नोकरीत काही वर्षे राहिला आणि पुढे वकिलीत नावारूपास आला. १८७० च्या एप्रिलमध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचा हा प्राण. म्हणूनच लोक त्यास ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. या सभेचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे, असा तो नियम होता. आपण लोकांच्या वतीने बोलतो असे नुसते म्हणून भागणार नाही, ज्यांच्या वतीने बोलतो त्यांच्या सह्या दाखविल्या पाहिजेत, ही यामागची दृष्टी. ती एका वकिलास शोभण्यासारखीच होती.

१८७२ च्या जानेवारीत काकांनी देशी खादीच वापरण्याची शपथ घेतली. नुसती शपथ घेऊन ते थांबले नाहीत. ते स्वतः सूत कातू लागले. धोतर, सदरा, उपरणे, पगडी, सारे त्याच जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचे. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानडे देशी व्यापारावर पुण्यात व्याख्याने देत होते. मँचेस्टरच्या कापडाने येथील विणकराचा माग बंद पडतो, हा विचार रानड्यांनी आकड्यांनिशी मांडला. काकांनी तो अंगावर घातला. विचार मांडणाऱ्यास व्याख्यान संपल्यावर घरी जाता येते. अंगावर घालणाऱ्यास तो दररोज सकाळी पुन्हा घालावा लागतो, आणि कोर्टात प्रतिपक्षाचा वकील मलमलीचा अंगरखा घालून समोर उभा असताही तो अंगावर वागवावा लागतो.

या व्रताची कसोटी पाच वर्षांनी दिल्लीस लागली. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने महाराणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यासाठी मोठा दरबार भरविला. दिल्लीत नेमणुकीवर असणाऱ्या वाचकांनी बुराडीच्या रस्त्यावरचे कॉरोनेशन पार्क पाहिले असेल; तेच ते मैदान. साठांहून अधिक संस्थानिक आपापल्या लवाजम्यानिशी तेथे आले होते. प्रत्येकास विलायती पद्धतीच्या राजचिन्हाचे एक सॅटिनचे निशाण देण्यात आले, आणि ती निशाणे इतकी जड होती की एकट्या माणसास ती पेलत नसत. हिरे, मोती, किनखाप आणि जरी यांचे ते प्रदर्शन चालू असता इकडे दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात पुढे लक्षावधी माणसे मेली. सार्वजनिक सभा याच दिवसांत दुष्काळी गावांची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडीत होती.

त्या दरबारास सभेच्या वतीने काका गेले, ते आपल्या खादीच्याच कपड्यांत. हिंदी लोकांस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे राजकीय व सामाजिक स्थान मिळावे, अशी मागणी सभेने तेथे मांडली. या प्रसंगाचे वर्णन करताना काकांच्या धैर्याचा गौरव करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि तो यथार्थच आहे. परंतु मला त्यातील दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. काकांनी दरबारासाठी म्हणून निराळा पोशाख केला नव्हता. पुण्याच्या कोर्टात एखाद्या सामान्य मंगळवारी जे कपडे ते घालीत, तेच त्यांनी सम्राज्ञीच्या घोषणेस घातले. रोजचेपणा हेच त्या पोशाखाचे बळ होते. निषेधासाठी एक दिवस अंगावर चढविलेले वस्त्र दुसऱ्या दिवशी उतरविता येते, आणि पाहणाऱ्यास ते ठाऊक असते. पाच वर्षे न उतरविलेल्या वस्त्रापुढे मात्र पाहणाऱ्यास असे मनाचे समाधान करून घेता येत नाही. १८८० साली मृत्यू येईपर्यंत काकांनी ते व्रत पाळले. त्याआधी वर्षभर वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेऊन ते कोर्टात उभे राहिले, तेव्हाही.

सभेच्या सभासदाजवळ पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र असे. काकांचा पोशाख हे जणू एक्कावन्नावे मुखत्यारपत्र होते, सही करता न येणाऱ्या विणकराचे. पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. त्या विणकराने ते दिले होते काय?

हा प्रश्न पुण्यातच, काकांच्या समकालीनांत, एका माणसाने खडखडीतपणे विचारला. तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. ज्या सभेत शेतकरी नाही, महार-मांग नाहीत, तिने स्वतःस सार्वजनिक म्हणवून घ्यावे कसे, हा जोतीरावांचा आक्षेप होता. सह्या पन्नास असोत की पाचशे, त्या कोणत्या आळीतून गोळा केल्या हे त्यांस पाहावयाचे होते. या आक्षेपात काकांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. शंका आहे ती मुखत्यारपत्राच्या मजकुराविषयी.

जोतीरावांनीही पोशाखाचा आधार घेतला, परंतु अगदी उलट रीतीने. १८८८ च्या मार्चमध्ये राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास असता हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातील प्रतिष्ठित मंडळी दागदागिने व भरजरी पोशाख करून आली होती. तेथे जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांस अडविले आणि यजमानांनी ओळख पटवून आत आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आत गेल्यावर त्यांनी राजपुत्रास भाषणात बजावले की, येथे बसलेल्या या झगमगाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नये. खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, तो अर्धपोटी आहे, आणि त्यास शिक्षण हवे आहे, हे त्याने आपल्या मातोश्रींस जाऊन सांगावे.

काकांचा एकच पोशाख सर्व दिवसांसाठी होता. जोतीरावांचा तो पोशाख एकाच दिवसासाठी होता. एरवी जोतीराव पागोटे, अंगरखा, उपरणे असा नीटनेटका पेहराव करीत. ते बांधकामाची कंत्राटे घेणारे, पुण्याच्या नगरपालिकेत सभासद राहिलेले गृहस्थ होते. आपण दरिद्री असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांच्या खुंटीवर दोन पोशाख होते, म्हणूनच त्यांतील एक दुसऱ्याविरुद्ध साक्षीस उभा करता आला. अनेक पोशाखांच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला ठाऊक नाही.

तथापि त्या प्रसंगात एक कडू गोष्ट दडलेली आहे. शेतकऱ्याचे कपडे त्या बंगल्यात शिरू शकले, ते आत जोतीराव होते म्हणून. ज्याच्या अंगावर तेच कपडे बारा महिने होते, जो ते हौसेने घालीत नव्हता आणि ज्याच्याजवळ बदलावयास दुसरे नव्हते, तो दारातूनच परतला असता. म्हणजे साधा पोशाख हा बोलका होण्यासाठी तो घालणाऱ्यापाशी दुसरा पोशाख घालण्याची ऐपत असावी लागते, आणि ती आहे हे पाहणाऱ्यास माहीत असावे लागते. काका नामांकित वकील नसते, तर त्यांची खादी ही गरिबी ठरली असती. व्रत ठरली नसती.

हा पेच ज्याने सर्वांहून अधिक ओळखला तो पुरुष महाराष्ट्राबाहेरचा. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेहून परतले तेव्हा काठेवाडी अंगरखा, धोतर आणि भरगच्च फेटा असा त्यांचा पोशाख होता. विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, त्या १९२१ च्या वर्षी दक्षिणेत हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की, विदेशी कपडे टाका असे आपण सांगतो, पण ज्यांच्याजवळ ते टाकून खादी घेण्यास पैसे नाहीत त्यांनी करावे काय? २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस त्यांनी गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला. प्रथम हा बेत ऑक्टोबरअखेरपर्यंतचाच होता. आपल्या सहकाऱ्यांनी याचे अनुकरण करावे अशी आपली अपेक्षा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. पाच-सहा आठवड्यांसाठी घेतलेले ते व्रत पुढे २६ वर्षे चालले. काकांनी विणकराचे मुखत्यारपत्र घेतले होते. गांधीजींनी ज्याच्याजवळ विणकरास द्यावयास दाम नाही त्याचे घेतले.

आणि तरीही जोतीरावांचा प्रश्न सुटला नव्हता. तो या वेळी विचारला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. आणि तो समजण्यासाठी इंदुरास जावे लागते. १९२८ च्या जानेवारीत इंदूर जिल्ह्यातील काही गावांच्या सवर्ण पुढाऱ्यांनी बलाई समाजास फर्मान काढले. बलाई पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ही हकीकत बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध जातिनिर्मूलनाच्या निबंधात नोंदवून ठेवली आहे. म्हणजे एका समाजाला रोजचा एकच पोशाख होता. तो ठरविला होता मात्र दुसऱ्यांनी. साधेपणा येथे व्रत नव्हता, शिक्षा होती. काठ असलेले धोतर ही तेथे चैन नव्हती, ती बंडखोरी होती.

त्याआधी महिनाभर, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेस जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे हा विषय होता. तुमची नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते ओबडधोबड दागिने ही तुमची जात ओळखण्याची खूण झाली आहे. ती खूण पुसून टाका, स्वच्छ राहा, पायघोळ लुगडे नेसा, असा त्यांचा उपदेश होता. ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेत लुगड्याच्या नेसणीची चर्चा व्हावी, याचे काहींस नवल वाटेल. बलाईंचे फर्मान वाचलेल्यास ते वाटणार नाही.

बाबासाहेबांचा स्वतःचा सूट या संदर्भात पाहिला पाहिजे. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेल्या बॅरिस्टराचा तो पोशाख होता, इतकेच म्हणून भागत नाही. ज्याच्या आज्याला-पणज्याला काय घालावे हे गावाने सांगितले, त्याने गावाला न विचारता घातलेला तो पोशाख होता. हे घालावे की ते, हा ज्यास कधी प्रश्नच पडू दिला गेला नाही, त्याच्या दृष्टीने भरलेले कपाट हीदेखील स्वातंत्र्याची एक मोजणी आहे.

१९३१ च्या शरद ऋतूत लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात दुसरी गोलमेज परिषद भरली, तेव्हा हे दोन पोशाख समोरासमोर आले. एकीकडे पंचा आणि शाल, दुसरीकडे सूट. वादाचा विषय अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा होता. आपण त्यांचेही प्रतिनिधी आहोत असे गांधीजींचे म्हणणे. तसे मुखत्यारपत्र आमच्या लोकांनी आपणांस दिलेले नाही, असे बाबासाहेबांचे. त्या वादाचा निकाल पुढे पुणे कराराने झाला की झालाच नाही, याविषयी मतभेद आहेत व राहतील. परंतु त्या सभागृहातील विरोधाभास पाहण्याजोगा आहे. ज्याला कोणताही पोशाख करता आला असता त्याने गरिबाचा केला होता. आणि ज्याच्या समाजाला गरिबाचाच पोशाख सक्तीचा होता त्याने तो नाकारला होता. दोघांनीही आपल्या निवडीची किंमत मोजली होती. म्हणून त्यांपैकी एकाचा पोशाख खरा व दुसऱ्याचा दिखाऊ, असा निवाडा करण्याची घाई मला करवत नाही.

एवढे मात्र या इतिहासावरून म्हणता येते. पोशाख एक असावा की अनेक, यात स्वतंत्रपणे पुण्य किंवा पाप नाही. तो कोणी निवडला, निवडणाऱ्यापाशी दुसरा मार्ग होता काय, आणि त्याच्या नावाने आपण कोणाचे प्रतिनिधित्व सांगतो, हे पाहावे लागते. मुखत्यारपत्र वकिलाचे असो की वस्त्राचे, ते देणाऱ्यास परत घेता येते. खादीचेच पाहा. ती अंगावर असणे एके काळी तुरुंगाच्या वाटेवर असणे होते. गांधी टोपीपायी माणसे कचेरीतून बाहेर काढली जात. स्वातंत्र्यानंतर तीच खादी सत्तेच्या दालनात शिरण्याचा परवाना झाली, आणि लोकांनी कोणताही ठराव न करता तिचे मुखत्यारपत्र हळूहळू काढून घेतले. कापड तेच होते. किंमत मोजणे तेवढे बंद झाले होते.

आपण सरकारी माणसे. परक्या प्रांतात आपली भाषा कळण्याआधी लोकांस आपले कपडे कळतात, आणि त्यांवरून ते आपणांस जोखतात. म्हणून एकच साधा पोशाख धरण्याचा विचार मनात आला, तर तो खचित वाईट नाही. वेळ वाचतो, पैसा वाचतो, आणि खालच्या माणसाला आपल्या जवळ येण्यास संकोच कमी वाटतो. तो संकल्प मी दुसऱ्यांदा मोडला, त्याचे कारण मात्र सांगितले पाहिजे. माझ्या दाराशी बसणाऱ्या शिपायास सरकारने गणवेश दिला आहे. त्याचा रंग, त्याचे कापड, त्याचे वार, सारे हुकमाने ठरलेले. एके दिवशी संध्याकाळी मी बाहेर पडलो तेव्हा तो जिन्याखाली उभा राहून गणवेशाचा सदरा उतरवीत होता. पिशवीतून त्याने निळ्या चौकडीचा, इस्त्री केलेला सदरा काढला, तो घातला, आरशाच्या तुकड्यात भांग पाहिला आणि मग सायकलीवर बसला. त्याच्यासमोर माझ्या स्वखुशीच्या गणवेशाची थोरवी गाण्यास मला तोंड उरले नाही.